भुवई ताणून धरणारा हात

२१ ऑगस्ट. दुपारची जेवणं उरकली आणि आमच्या ह्यांना पलंगावर बसवून त्यांच्या डाव्या हातावर मी वळ काढायला घेतले. उद्या कळंबला नवीन बॅच आहे. अठरा जणी, सगळ्या पार्लरवाल्या. शिकवायचं ते आदल्या दिवशी एकदा करून बघायची माझी सवय आहे, आणि घरात फुकट मिळणारा हात हा एकच. ताजा मार लाल-जांभळा असतो. तो लिपस्टिक आणि काजळ बोटानं पसरून होतो. दोन-चार दिवसांचा गडद निळा. पुढं कडेनं हिरवट, मग पिवळा. त्याला आयशॅडोच्या डबीतले ते रंग लागतात जे लग्नात कुणी मागत नाही. रंगावरून दिवस नेमका सांगता येत नाही, हेही मी सांगते. पण एकाच अंगावर दोन रंगांचे वळ असतील आणि बाई म्हणत असेल "एकदाच पडले", तर तिच्याकडे जरा नीट बघायचं.

"अगं, मला पोस्टात जायचंय," हे म्हणाले. "असा हात घेऊन जाऊ? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील बायकोनं बडवलं. जाऊन या तसेच. बघा कुणी विचारतं का."

गेले. परत आल्यावर म्हणाले, तिघांनी हाताकडे पाहिलं, एकानंही विचारलं नाही. मी म्हटलं, माझा उद्याचा पहिला अर्धा तास तुम्हीच घेतलात.

धाराशिवला माझं पार्लर आहे, दोन तपं होत आली. मधल्या काळात एका संस्थेनं खेड्यापाड्यांतल्या पार्लरवाल्यांना शिकवायला बोलावलं. फेशियल, वॅक्सिंग, नवरीचा मेकअप, हे मी आनंदानं शिकवत होते. एकदा संस्थेच्या ताई म्हणाल्या, अर्धा दिवस वेगळ्या विषयाला द्याल का? ज्या बाईला घरात मारहाण होते, ती दवाखान्यात जात नाही, पोलिसात जात नाही, पण भुवया करायला येते. मी म्हटलं, ताई, आमचं काम भुवया करायचं, चौकशी करायचं नाही. उद्या गिऱ्हाईक तुटलं तर तुम्ही देणार का?

असं बोलून घरी आले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही वगैरे काही झालं नाही. छान झोपले. चार दिवसांनी मात्र एका जुन्या गिऱ्हाइकाची आठवण झाली. एका मास्तरांची बायको होती. तीन वर्षं माझ्याकडे येत होती आणि डोळ्याखालचा डाग मी इतका बेमालूम झाकायचे की ती आरशात बघून हसायची. आधी नारिंगी क्रीम, म्हणजे निळा मरतो, मग कातडीच्या रंगाचं. या कामात जिल्ह्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. तीन वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नाही की हा डाग दर दोन महिन्यांनी त्याच जागी कसा येतो. मग ती यायची थांबली. ती कुठं गेली, हेही मी कुणाला विचारलं नाही. ताईंना फोन करून सांगितलं, अर्धा दिवस कशाला, पूर्ण घ्या.

बाहेरच्यांना हे काम फार मोठं वाटतं. तसं नाही. आम्ही पार्लरवालीला वकील करत नाही की समुपदेशक करत नाही. तिला एवढंच शिकवतो की बघ, एकटीत विचार, ऐक, मदत कुठं मिळते ते सांग आणि पुढचं तिच्यावर सोड. बघायच्या जागा आमच्या धंद्यात आपोआप समोर येतात. केस धुताना डोकं हातात असतं; मुठीनं केस उपटलेली जागा बोटांना कळते. नेहमी वॅक्सिंग करणारी बाई उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून "फक्त भुवया" म्हणते. आणि भुवया करताना तर गिऱ्हाइकानं स्वतःच्या दोन्ही हातांनी कातडी ताणून धरायची असते, एक हात कपाळावर, एक पापणीवर. हात वर गेला की बाही खाली येते. झाकलेलं उघडं पडतं, तेही आमच्या नाकासमोर.

चुकाही होतात. पहिल्याच बॅचनंतर एकीनं मला घाईघाईनं फोन केला. "मॅडम, एक बाई आलीय, हाताला चटके दिल्यात हो. काळे काळे फोड हायेत." मी म्हटलं, एकटीत विचार. विचारलं. बाई म्हणाली, "अगं, बिबा उतलाय मला. टाचेच्या भेगंत भरताना हाताला लागला." बिब्याचं तेल ज्यांना सोसत नाही त्यांना असे फोड येतात, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. आणि ही बया पोलिसांना फोन लावायच्या बेतात होती. बाई इतकी हसली म्हणे की खुर्ची हलली, आणि गावभर सांगत सुटली. नुकसान काही झालं नाही. उलट त्या पार्लरमध्ये असं विचारतात, हे गावाला कळलं.

दुसरी चूक हसण्यासारखी नव्हती. ती पुष्पाची होती आणि अर्धी माझी.

पुष्पाचं पार्लर येरमाळ्यात, रस्त्याकडेच्या गाळ्यात. हात वाऱ्यासारखा चालतो. दोऱ्याचं एक टोक दातात, दोन्ही हातांवर फास, चार मिनिटांत भुवया. माझ्या दुसऱ्या बॅचला ती होती. प्रशिक्षण संपून महिना झाला असेल. गावातल्याच एका घरात मुलीचा साखरपुडा होता आणि त्या घरची सून, वर्षा, तयार व्हायला तिच्याकडे आली. नवरा खत-बियाण्याच्या दुकानात कामाला. गावात कुणालाही विचारा, सरळ माणूस म्हणून सांगतील. वर्षाच्या जबड्यावर कानापर्यंत निळा वळ होता.

पुष्पानं शिकवल्याप्रमाणे केलं. बाकीच्या बायका गेल्यावर दार लोटून हळूच विचारलं. वर्षा म्हणाली, "दार लागलं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "दार म्हणा न्हायतर काय म्हणा." पुष्पानं तिला सांगितलं, जिल्ह्याला बायकांसाठी केंद्र आहे, संरक्षण अधिकारी असतात, मी सोबत येईन. वर्षा म्हणाली, "बघू." पुष्पा म्हणाली, "फोटू काढून ठिवू का? कामाला येतो." वर्षानं मान हलवली. पुष्पानं आपल्या फोनवर फोटो काढला, मग वळ झाकला, आणि झाकल्यावर पुन्हा एक काढला.

इथवर ठीक. पण आमच्या धंद्यात आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारीशेजारी लावायची सवय अंगात भिनलेली आहे. सुरकुत्या, मुरमं, काळे डाग, सगळ्यांचं आम्ही तेच करतो. काम इतकं सुरेख झालं होतं की पुष्पाला राहवलं नाही. डोळे दिसणार नाहीत असा फक्त गाल कापून घेतला आणि व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवलं: "कसलाही डाग गायब. लग्नाचं बुकिंग सुरू." नवऱ्या मुलीचा, म्हणजे वर्षाच्या नणंदेचा नंबर पुष्पाच्या फोनमध्ये होताच. वहिनीच्या कानामागचा तीळ तिनं ओळखला.

दुसऱ्या दिवशी सासू पार्लरमध्ये. रस्त्यावर ऐकू जाईल असं बोलली. "माझ्या घरची अब्रू भिताडाला लावतीस व्हय गं? तुझ्या घरात न्हाय का कुणाला डाग?" पुष्पानं पाया पडून माफी मागितली, स्टेटस आधीच काढून टाकलं होतं. अर्धा तास झाला. मग सासूनं दाराबाहेर बघितलं, पदर हनुवटीवर ओढला आणि आवाज खाली आणला. "आन हे कवा करतीस? लग्न धा दिसांवर आलंय."

हनुवटीवरचे केस. गावातल्या कितीतरी थोरल्या बायकांची ही गोष्ट फक्त पार्लरवालीला माहीत असते. डोक्याला काळी मेंदी लावायची तीही तिनंच. भांडून जाणार कुठं? पुष्पा म्हणाली, "घरी यिऊन करते, काकू."

मग तिनं मला फोन केला आणि रडत सगळं सांगितलं. मी रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. फोटो पुराव्याला कामाला येतो, हे मीच शिकवलं होतं. कुणाच्या फोनमध्ये ठेवायचा, कुणाला दाखवायचा नाही, हे माझ्या तोंडून गेलंच नव्हतं. मला वाटलं, एवढं तर कळतंच की. शिकवणाऱ्या माणसाचं हे एक वाक्य धोक्याचं.

लग्नाला चार दिवस उरले असताना आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. मी म्हणजे पुष्पाची "धाराशिवची मॅडम, मदतीला". सासूची हनुवटी झाली. डोक्याला काळी मेंदी थापली, वर प्लास्टिकची पिशवी बांधली. आता तासभर तिला अंगणातल्या खुर्चीतून कुठं हलायची सोय नव्हती. पुष्पा म्हणाली, "काकू, वहिनींच्या भुवया करू का? लग्नात बऱ्या दिसतील." सासू म्हणाली, "हितंच करा, माझ्यासमोर."

वर्षा समोर पाटावर बसली. पुष्पानं दोरा दातात धरला. "ताणून धरा वहिनी." वर्षाचा उजवा हात वर गेला. डावा गेला नाही. मांडीवरच राहिला, पदराखाली.

मी पुढं झाले आणि डाव्या हाताच्या जागी माझा हात लावला. पुष्पाच्या दातात दोरा, ती बोलू शकत नाही. आमची तिघींची डोकी वीतभर अंतरात. सासूला आमच्या पाठी दिसत होत्या, नवल काही नव्हतं.

मी हळू म्हटलं, "फोटोची चूक आमची आहे. माफ कर. हाताला काय झालं?"

"स्टेटस बघितल्यावर पिरगाळला," ती ओठ न हलवता म्हणाली. "आठ दिस झाले."

पुष्पाचा दोरा तिथंच थांबला. मी कोपरानं तिला ढोसलं, चालू ठेव.

"काय करू तुझ्यासाठी?"

"हात दाखवायचाय डॉक्टरला. लई ठणकतोय."

भुवया पुऱ्या झाल्या. मी सरळ सासूसमोर जाऊन उभी राहिले. अशा वेळी आरोप करायला जाऊ नये. दार बंद होतं आणि आत राहिलेल्या बाईचे हाल होतात. म्हटलं, "काकू, सुनेचा हात मोडलाय असं वाटतं. चार दिवसांवर लग्न. घर पाहुण्यांनी भरणार, आणि हिला पोळी लाटता यायची नाही. माझी गाडी धाराशिवला परत चाललीच आहे. एक्स-रे काढून प्लास्टर घालून आणते."

"न्हाणीत पडली ती," सासू म्हणाली.

"मी विचारलं नाही काकू कशी पडली. हात दाखवायचा एवढंच."

पिशवीखालून मेंदीचा ओघळ कानावर आला होता, तो तिनं बोटानं पुसला. मग म्हणाली, "पाचाच्या आत आणा. त्यो पाचला येतो घरी."

पुष्पा सासूचे केस धुवायला मागं राहिली. मी आणि वर्षा निघालो.

सरकारी दवाखान्यात मनगटाचं हाड चिरलेलं निघालं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, कसं झालं? मी खिडकीबाहेर बघत राहिले; उत्तर माझं नव्हतं. वर्षा म्हणाली, "मालकानं पिरगाळला." डॉक्टरनं तेच लिहिलं. दवाखान्याच्या चौकीतल्या पोलीसबाई आल्या, त्यांनी विचारलं, तक्रार आज द्यायची का? वर्षा म्हणाली, "आज न्हाय. पर लिहून ठिवा तुमी." लिहून ठेवलं.

बाहेर आलो तेव्हा दोन वाजले होते. माझ्या डोक्यात सगळं जुळलं होतं. कागद झाला, बाई घराबाहेर आहे, अंगावर प्लास्टर आहे. परत त्या घरात नेऊन सोडायची? तिचं माहेर तुळजापूरजवळ आहे, हे पुष्पानं कधीतरी सांगितलं होतं. गाडीवाल्याला मी म्हटलं, तुळजापूरकडं घ्या. वर्षाला विचारलं नाही. तिला बरं वाटेल, असं धरून चालले.

गावाबाहेर पडल्यावर तिनं खिडकीतून बघितलं. "मॅडम, आपल्या वाटंवरली येडशी इकडं न्हाय की."

"तुझ्या माहेरी सोडते तुला. भावाशी मी बोलते."

"कुणी सांगितलं मला माहेरी जायचंय?" एवढा वेळ हळू बोलणारी बाई एकदम ओरडली. "गाडी थांबवा! चारला शाळेची व्हॅन येती माझ्या पोरीची. पाच वर्साची हाय ती. ती तिथं आन मी हिथं?"

गाडी थांबली. मला पोरगी आहे हेच माहीत नव्हतं. त्यांच्या अंगणात दोरीवर इवलेसे फ्रॉक वाळत होते. ते मी पाहिले होते, डोक्यात शिरले नव्हते. पुष्पाला वाटलं मला ठाऊक आहे. मी विचारलं नव्हतं. पुष्पानं तिचा गाल न विचारता लोकांना दाखवला, आणि मी तिलाच न विचारता उचलून नेत होते. आदल्या महिन्यातच पंचवीस जणींसमोर उभी राहून मी सांगितलं होतं की पुढचं तिच्यावर सोडा.

गाडी वळवली. येडशीच्या अलीकडं ती म्हणाली, "भाऊ दुसऱ्या दिवशी आणून घालतो परत. मागं दोनदा घातलंय."

"मग काय करायचं? तू सांग."

"लग्न होस्तोवर काय भ्या न्हाय. पावण्यांसमोर हात उचलत न्हायती. लग्नघरात मी लई सुखाची." ती थोडी हसलीही. "शुक्रवारी लग्न. सोमवारपत्तर पावणे जातील. तवा पोरीला घिऊन निघते. लातूरला मावशी हाय माझी. ती ठिवून घील."

"पोरीसकट घराबाहेर कशी पडशील?"

"लग्नात बारकाल्या पोरी एका जागी झोपत्यात. उवा होत्यातच. सासूबाईच म्हणतील, पुष्पाकडं नेऊन केस कापून आण."

मी माझ्या शिकवायच्या वहीत असलं काही कधी लिहिलं नव्हतं. एक्स-रेचं मोठं पाकीट तिनं माझ्याकडंच ठेवायला दिलं. पावणेचारला तिला दारात सोडलं. सासूचे केस वाळले होते, काळेभोर. तिनं प्लास्टरकडं बघितलं आणि "आत जा" म्हणाली.

शुक्रवार ते सोमवार हे चार दिवस मी पार्लरमध्ये एकीचे केस ठरल्यापेक्षा बोटभर जास्त कापले आणि एकीला चुकीचा फेसपॅक लावला. पुष्पाला दिवसातून चारदा फोन. वर्षाच्या फोनवर करायचा नाही, असं ठरलं होतं.

सोमवारी साडेदहाला पुष्पाचा फोन आला. "मॅडम, आल्यात दोघी. निघा." मी पोचले तेव्हा पोरगी उंच खुर्चीवर बसली होती, गळ्याला कापड, आणि पुष्पा कात्री चालवत होती. उवा खऱ्याच होत्या. वर्षाजवळ एक कापडी पिशवी, त्यात पोरीचे दोन फ्रॉक आणि तिची स्वतःची दहावी-बारावीची कागदं. मला घाई झाली होती. पोरगी म्हणाली, "माझं अर्धंच झालंय." मग अर्धं उरलेलं होईपर्यंत आम्ही सगळ्या थांबलो.

आज वर्षा लातूरला आहे. मावशीच्या घरी वर्षभर राहिली, आता स्वतंत्र खोली आहे, ब्लाउज शिवते. केस चालू आहे, आणि केस चालू आहे म्हणजे काय ते आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. डाव्या हातानं भरलेली कळशी उचलता येत नाही, कारण आठ दिवस उशीर झाला. ते आठ दिवस माझ्या आणि पुष्पाच्या खात्यावर आहेत, आणि मी ते कुणाच्या नावावर ढकलत नाही. पुष्पा आता माझ्याबरोबर शिकवायला येते. प्रत्येक बॅचला फोटोची गोष्ट ती स्वतः सांगते, नाव-गाव सोडून. त्यानंतर तुळजापूर रस्त्याची मी सांगते. वर्षाला विचारूनच सांगतो. ती म्हणाली, "सांगा की. त्याबिगर कळायचं कसं त्यांना." हे लिहितानाही विचारलं, तिनं नावं बदलायला लावली, ती बदलली आहेत. आणि सासूची हनुवटी अजून पुष्पाच करते. दर वेळी ती विचारते, "पोरगी कितवीत गेली?" पुष्पा इयत्ता सांगते, पत्ता सांगत नाही.

त्या सोमवारी वर्षानं अर्ज देऊनच लातूरला जायचं ठरवलं, म्हणून संध्याकाळी जिल्ह्याच्या केंद्रात दोघींची राहायची सोय झाली. संरक्षण अधिकारी बाई म्हणाल्या, अर्ज उद्या सकाळी लिहू. मी घरी आले, जेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला परत केंद्रात गेले. पिशवीत कोरे कागद, पेन, एक्स-रेचं पाकीट, काय काय अर्जात यायला हवं त्याची यादी. वर्षा खाटेवर बसली होती, पोरगी तिच्या मांडीवर आखूड केसांतून हात फिरवत होती. मी यादी काढली, मग पुन्हा पिशवीत ठेवली आणि विचारलं, "आज आधी काय करायचं?"

वर्षा म्हणाली, "आधी हिला दूध. मग अर्ज."

मी खाली जाऊन दूध घेऊन आले.